दुसरा साक्षीदार

पोलंडच्या पूर्व सीमेजवळ सोल्ना नदी जिथे वळण घेते, तिथे एका टेकडीवर जुन्या राजांच्या काळी तोफा मिरवलेला आणि पुढे केवळ कावळ्यांच्या अंमलाखाली राहिलेला एक किल्ला होता. १९४२ सालच्या शरदातल्या एका पहाटे, धुके अजून तटाला बिलगलेले असताना आणि पायथ्याच्या द्रोहोवा गावातल्या चुली नुकत्याच पेटत असताना, त्या किल्ल्याच्या ढासळलेल्या देवडीत उभा राहून एक माणूस खाली पाहत होता. त्याच्या अंगात दुसऱ्याचा कोट होता आणि पायांत दोन निराळ्या माणसांचे बूट. लेझर काचवाला त्याचे नाव. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याच्या हातच्या होत्या, म्हणून कोणाच्या घरात जाग आली हे त्याला इतक्या दुरूनही कळत होते.

त्या वसंतात जर्मनांनी या ज्यू गावातले बहुतेक पुरुष, कामावर नेतो म्हणून आगगाडीत भरले होते. काम कसले? गाडी छावणीत पोचली त्याच सकाळी त्यांना एका बंद इमारतीत कोंडून विषारी वायूने मारले. मेलेल्यांच्या कपड्यांचे ढीग निवडायला माणसे हवी होती, म्हणून लेझर आणि त्याचा जिवलग मित्र झेलिग विणकर एवढे दोघे वगळले गेले. बटाट्याची काढणी उरकली की द्रोहोवातली उरलेली बायकामुले आणि म्हातारेही आणायचे, हे पहारेकऱ्यांच्या तोंडून त्यांच्या कानी आले, तेव्हा त्याच कपड्यांच्या गाठोड्यांखाली दडून दोघे मालगाडीतून निसटले. गावाला सावध करायचे, मग आपले काय व्हायचे ते होवो, अशी त्यांनी आण घेतली होती.

गाडीतून उडी टाकताना पहाऱ्याची गोळी झेलिगच्या पोटात शिरली. बर्चच्या रानात, लेझरच्या मांडीवर डोके ठेवून तो गेला. जाताना त्याने एक मागणे मागितले: माझ्या झ्लाताला इतक्यात सांगू नकोस, मी मागून येतो आहे म्हण. लेझरने मित्राचा शब्द पाळला आणि तिथेच सगळा घात झाला.

संध्याकाळी किल्ल्यावरून उतरून, बटाटे काढून परतणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मिसळून तो गावात शिरला. त्याची हकीकत ऐकायला प्रार्थनागृहात पंचांची सभा बसली. मधोमध वृद्ध धर्मगुरू रब्बी अव्हिग्दोर होते, ज्यांना गाव आदराने रेब म्हणे, आणि जाळीआडच्या दालनात बायका श्वास रोखून उभ्या होत्या. लेझरने सगळे सांगितले, फक्त झेलिग मागून येतो आहे म्हणाला. रब्बींनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले की धर्मशास्त्राप्रमाणे कोणतीही गोष्ट दोन साक्षीदारांच्या मुखाने सिद्ध होते. गाव सोडून रानात जावे, तर एक घर रिकामे दिसले की बाकीच्यांना गोळ्या घालू असा जर्मन अधिकाऱ्याचा हुकूम होता. जावे तरी मरण, राहावे तरी कदाचित मरण. एकट्याच्या शब्दावर एवढा जुगार कसा खेळावा? झेलिग मागून येतोच आहे ना, मग त्याला येऊ दे.

मरण उंबरठ्यावर आले असता ही माणसे साक्षीचे नियम तपासत बसली, असे म्हणून कोणी हसेल. हसू नये. त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांनी सगळे नियम पायदळी तुडवले होते, आणि या गरिबांपाशी जपायला दुसरे काही उरले नव्हते.

झेलिगची वाट पाहण्यात मोलाचे दिवस गेले. झ्लाता रोज त्याच्या वाटणीचे सूप चुलीच्या उबेला ठेवी आणि सकाळी ते निमूटपणे शेजारच्या पोरांना वाटून टाकी. ते भांडे दिसू नये म्हणून लेझर तिच्या दारावरून जाणे टाळी. शेवटी शेतात बटाट्याचा एकच पट्टा उरला, तेव्हा तो आपण होऊन पंचांपुढे उभा राहिला.

"रेब अव्हिग्दोर, दुसरा साक्षीदार येणार नाही. झेलिग माझ्या मांडीवर गेला. मी खोटे बोललो."

सभेत कुजबुज उठली. एकदा खोटे बोललेल्यावर आता काय म्हणून विश्वास ठेवावा, असे पंचांपैकी एक जण म्हणालाही. इतक्यात जाळीआडून झ्लाता बाहेर आली. बाईमाणसाने तिथे येण्याची रीत नव्हती, पण तिला कोणी अडवले नाही.

"नवरा मेला हे सिद्ध व्हायला किती साक्षीदार लागतात, रेब?"

रब्बींची मान खाली गेली. बेपत्ता नवऱ्याच्या नावाने कोणी बाई जन्मभर लटकत राहू नये म्हणून, पूर्वीच्या ज्ञात्यांनी या एका बाबतीत नियम सैल केला होता.

"एक पुरतो," ते म्हणाले.

"मग विचारा त्याला."

रब्बींनी विचारले. लेझरने सांगितले: जखम कुठे होती, डोळे कोणी मिटले, माती कोणी लोटली. रब्बी म्हणाले, "मुली, ईश्वर तुझे सांत्वन करो. तू विधवा आहेस." झ्लाताने काळजावरचे वस्त्र रीतीप्रमाणे फाडले आणि ती सुतकासाठी तिथेच जमिनीवर बसली.

"याच तोंडाने मला विधवा केले," ती शांतपणे म्हणाली, "आणि याच तोंडाने आपल्या मरणाची वर्दी आणली. अर्धे तोंड खरे आणि अर्धे खोटे, असा न्याय कुठल्या पोथीत आहे, रेब?"

 मग जाळीआडून एकेक बाई पुढे येऊ लागली आणि आपल्या नवऱ्याचे नाव घेऊ लागली. छावणीतल्या त्या सकाळी ज्यांना ज्यांना लेझरने त्या बंद इमारतीच्या दारातून आत जाताना पाहिले होते, त्यांच्याबद्दल तो सांगत गेला. वस्त्र फाटल्याचा आवाज होई आणि जमिनीवर आणखी एक जण बसे.

शेवटी पेस्ल आली, शिंप्याची बायको. तिची नजर लेझरच्या तोंडाकडे नव्हतीच, त्याच्या अंगातल्या कोटाकडे होती. कोपरावर हिरव्या दोऱ्याची रफू होती, आणि ती तिची स्वतःची होती.

"त्यांना पाहिलंत?"

शिंपी गाडीच्या मागच्या डब्यात होता. हा कोट लेझरला ढिगात सापडला होता. ढिगातल्या कोटाचा अर्थ काय, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण कपडा उसनाही दिलेला असू शकतो, म्हणून शास्त्र कपड्याची साक्ष मानत नाही. आणि एका खोट्याने गावाचे दिवस बुडवल्यावर दुसरे खोटे त्याच्या जिभेवर येईना.

"नाही," तो म्हणाला. "कोट मिळाला. माणूस पाहिला नाही."

पेस्लचा चेहरा उजळला. तिचा नवरा आपल्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणाराच होता, असे तिने सगळ्यांना हसून सांगितले. लेझर तिच्या मागे जाऊन विनवू लागला की तो आता येणार नाही, मुलींना घेऊन चल. पाहिलंत का, एवढेच ती पुन्हा विचारी, आणि त्याला पुन्हा नाही म्हणावे लागे.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पट्ट्यावर गेलेल्या बायका मुलांसह पहाऱ्याची नजर चुकवून रानात शिरल्या. जमिनीवर बसलेल्या विधवा त्या सगळ्या निघाल्या. ज्यांना साक्ष मिळाली नव्हती, त्या आपापल्या नवऱ्यांची वाट पाहत घरी राहिल्या, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी असावे म्हणून रब्बी अव्हिग्दोरही राहिले. त्याच संध्याकाळी जर्मनांनी गाव वेढला आणि उरलेल्यांना गाडीत भरले.

रानात गेलेल्यांपैकीही थोड्याच जणी युद्धाचा शेवट पाहू शकल्या. झ्लाता त्यांच्यात होती, आणि लेझरही वाचला. लेझरला गावाचा तारणहार म्हणून कोणी मान देऊ लागले, की तो उठून जाई. निघण्याच्या सकाळी त्याने कोट पेस्लच्या दारात नेऊन दिला होता. तिने तो झटकला, चुलीजवळच्या खुंटीला टांगला आणि थंडी पडल्यावर त्यांना लागेल म्हणाली. वर, खरे ते सांगितल्याबद्दल तिने लेझरचे आभार मानले.