उजवीकडचा माणूस

हरणांची मोजणी हा उद्यानातला सगळ्यांत हौसेचा दिवस. उन्हं वर यायच्या आत फाटकाशी पोस्टमन, पाववाला, शाळेच्या बाई, झाडून सगळे हजर. डॉक्टरबाईंची मावशीही आली होती, पायांत कुणाचे तरी भलेमोठे रबरी बूट घालून. "मला घरी बसवून एकटीच मजा करणार होतीस होय गं?" म्हणाली. मावशीपुढे कुणाचं काय चालणार?

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. समुद्रालगतच्या या लांबलचक उद्यानात हरणं भरमसाठ वाढली होती. वाळू धरून ठेवणारं गवत त्यांनी मुळासकट फस्त केलं आणि वाळू रस्त्यावर येऊन बसली. उद्यानाच्या साहेबांनी शिकारी बोलवायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरबाई हटून बसल्या, मुदत मागून घेतली, आणि तेव्हापासून माद्यांना लांबून पाळणा लांबवायचं इंजेक्शन मारत फिरत होत्या. लोकांनी टिंगल करायची तेवढी केली. आज आकडा शंभराच्या आत आला तर हरणं वाचणार होती, नाहीतर शिकारी येणार होते. बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मोजायची पद्धत सोपी. रस्त्याच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत माणसांची रांग करायची आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून पुढे चालायचं. हरणं पुढे पळतात, टोकाचं कुंपण आलं की उलट फिरतात आणि माणसांच्या मधून निसटतात. आपल्या उजवीकडून निसटतील तेवढीच आपली. शेवटी डावीकडच्यानं आकडा सांगायचा, आपण त्यात आपली हरणं मिळवायची आणि बेरीज उजवीकडच्याला द्यायची. मावशीला डॉक्टरबाईंनी अगदी पाण्याशी उभं केलं. तिच्या उजवीकडे नुसता समुद्र, म्हणजे चुकायला वावच नाही.

रांग वाकडी होऊ नये म्हणून भिंतीकडून सुरुवात करून एकेकानं "आहे!" अशी हाक द्यायची असते. हाका आल्या. पाववाल्याची जाडजूड, शाळेच्या बाईंची शिस्तीची, आणि शेवटी मावशीची, "आहे गं बाई, जाते कुठे!" सगळी रांग खो खो हसली.

हसणं ओसरलं, तशी आणखी एक हाक आली. "आहे." बारीक, पाण्याकडून. मग तिच्याही पलीकडून एक.

प्रतिध्वनी, डॉक्टरबाईंनी मनाशी म्हटलं, आणि त्या चालू लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की इथे आवाज आदळायला ना कडा आहे ना इमारत. त्यांनी वळून पाहिलं. मावशी समुद्राकडे तोंड करून, हातवारे करत, रंगात येऊन बोलत होती. ती काय, झाडाशीही बोलते.

एवढ्यात कुंपण आलं आणि हरणं फिरली. मग काय विचारता! खुरांचा धडधडाट, उबदार वास, तोंडावर वाळू. पाववाला बोटं नाचवत मोठ्यानं मोजत होता. एक पाडस शाळेच्या बाईंच्या छत्रीवरून उडी मारून गेलं, तशा त्या लहान मुलीसारख्या किंचाळल्या आणि मग हसू आवरेना. डॉक्टरबाईंना इतका आनंद झाला की आपण मोजतोय हेच त्या क्षणभर विसरल्या.

बेरीज रांगेतून सरकत त्यांच्यापर्यंत आली, पुढे गेली. त्या वाळूतून पळतच मावशीकडे गेल्या.

"मावशी, किती?"

"दिला की पुढे."

"कुणाला?"

"उजवीकडच्याला. तूच नाही का सांगितलंस?"

"अगं, पण आकडा किती?"

"ब्याण्णव."

पुढचं कुणाला ऐकायचं होतं? पोस्टमननं टोपी हवेत उडवली. साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावून शिकाऱ्यांना नको म्हणून कळवलं. डॉक्टरबाई हसता हसता रडल्या. सगळे वाळूतच बसले, चहा आला, गरम पाव आले.

दोन घोट पोटात गेल्यावर डॉक्टरबाईंना आठवलं.

"मावशी, तू आकडा दिलास कुणाला?"

"त्या माणसाला गं. कमरेएवढ्या पाण्यात होता. स्वभावानं गोड हो. त्यांची रांग पार लांबवर गेली होती, शेवट काही दिसेना मला."

डॉक्टरबाईंनी समुद्राकडे पाहिलं. पाणी स्वच्छ, शांत, रिकामं.

"तेही हरणंच मोजत होते?"

"पाण्यात कुठली आलीत हरणं? माणसं मोजत होते. फार झालीत म्हणाला."

डॉक्टरबाईंनी पेला वाळूत ठेवला.

"मी म्हटलं, आमची भाची इंजेक्शन देते. तर म्हणाला, तसलं सगळं करून पाहिलं."

मागे पाववाला काहीतरी बोलला आणि सगळे हसले.

"बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते," मावशी पाव चहात बुडवत म्हणाली. "त्यानंही म्हणे मुदत मागून घेतली होती. ती आज संपली."