भट्टीजवळचं भांडण

"हात मागं घे!"

कुणीतरी माझं मनगट धरून इतक्या जोरात ओढलं की चष्माच पडला. समोरचा बोल्ट तर काळाभोर, निवलेला दिसत होता.

"चारशे डिग्री हाय तो," भट्टीवरचा दीपेश म्हणाला. "कॉलेजात शिकवत नाय काय, मॅडम?"

इंटर्नशिपचा पहिलाच दिवस! आभार मानायचे सोडून मी संतापले. त्या 'मॅडम'चाच राग जास्त आला.

मी दर्शना, मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पोलादपूरहून एसटीने महाडच्या एमआयडीसीत यायचे, बोल्ट तापवून कडक करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. दीपेश उमरठचा, आयटीआय झालेला, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. तापल्या लोखंडाचा रंग बघून तो तापमान सांगायचा, मी मीटर बघायचे. त्याचा आकडा बरोबर निघाला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"हसू नकोस!"

"हसतोय कुठं… घाम पुसतोय," तो रुमालाआडून म्हणायचा.

चौथ्या आठवड्यात मधेच वीज गेली आणि बोल्टांचा एक लॉट अर्धवट राहिला. मी तपासला. बोल्ट भलतेच कडक, पण ठिसूळ… हातोडीच्या एका घावात डोकं तुटलं. मी रिपोर्टवर 'नापास' लिहिलं आणि फाईल मॅनेजर दत्ताराम साहेबांकडे दिली.

सकाळी फाईल उघडली, तर 'पास'! खाली तपासणारी म्हणून माझं नाव.

मी तरातरा भट्टीपाशी गेले. "माझं नाव वापरलंस?"

"मी नाय. दत्ताराम साहेबांनी 'पास' केलं. म्हणाले, तू पण सही कर. नाय केली." तो हात पुसत राहिला. "उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"

"तुझं सर्टिफिकेट अडकलं असतं…"

तुझं. मॅडम नाही.

"ते माझं मी बघीन!" खोट्या रिपोर्टचा राग होताच. पण हा न सांगता निघून गेला असता, याचा त्याहून जास्त.

मी बोल्ट आणि हातोडी घेऊन थेट मालकीण अनुपमाताईंच्या टेबलाशी गेले. दत्ताराम साहेब तिथंच होते. "ताई, तुम्हीच मारून बघा."

ताईंनी मारली. बोल्टचं डोकं उडून साहेबांच्या पायाशी पडलं. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "माल भरलेला ट्रक थांबवा. दीपेशला सांगा, लॉट परत भट्टीत घाल. आणि साहेब, तुम्ही बसा जरा."

संध्याकाळी बिरवाडीच्या थांब्यावर भुरभुर पाऊस होता. दीपेश शेजारी येऊन उभा राहिला.

"अजून राग हाय?"

"आहे. न बोलता जाणार होतास."

"बोलायला आलो असतो, तर… भलतंच बोललो असतो."

"काय भलतं?"

एसटी येऊन थांबली. तो चिखलाकडे बघत पुटपुटला, "आवडतेस गो तू मला… भांडतेस ना, तेव्हा जास्तच."

"ओ ताई, येताय काय?" कंडक्टर ओरडला.

"नाही! जा तुम्ही!" मी त्याच्यावरच खेकसले. मग दीपेशकडे वळले. "आता वर बघून बोल."

त्यानं वर बघितलं.

"मलाही आवडतोस," मी रागातच म्हणाले.