स्वभाव जुळत नाहीत

वैतरणानगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या तळघरात एक प्रयोगशाळा आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. वरच्या मजल्यांवर नवराबायको भांडतात आणि खाली त्यांची डोकी तपासली जातात. वास्तविक हे उलटं व्हायला हवं होतं, पण सरकारी कामात आधी काय आणि नंतर काय, हे विचारायचं नसतं.

त्या दिवशी खाली तिघंजण बसले होते. हेमांगी दाभोळे, तिचा नवरा निरंजन आणि दोघांच्या वतीने अर्ज करणाऱ्या वकीलबाई कुमुद घोलप. समोर डॉ. अस्लम मुजावर पडद्यावर दोन मेंदूंची चित्रं दाखवत होते. एकात निळे ठिपके, दुसऱ्यात केशरी.

"हा तुमचा स्मृतिनकाशा," डॉक्टर म्हणाले. "कोणता प्रसंग कोणाच्या डोक्यात मुक्कामाला आहे, ते यात दिसतं. प्रसंग काय आहे ते नाही दिसत, फक्त जागा दिसते."

हल्ली लग्नात मनसेतू बसवतात, हे काही नवं नाही. सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं, कानामागे तांदळाएवढी चकती बसवून घ्यायची, आणि मग नवऱ्याला काय वाटतं ते बायकोला आणि बायकोला काय वाटतं ते नवऱ्याला न बोलता कळतं. निदान जाहिरातीत तरी असंच म्हणतात. तो तोडायची वेळ आली की काय होतं, ते जाहिरातीत नसतं. ते समजावायला डॉ. मुजावर बसले होते.

"मेंदू मुलखाचा आळशी असतो बघा," ते म्हणाले. "गॅसची टाकी कधी संपणार ते बायकोला ठाऊक असलं, की नवरा कशाला लक्षात ठेवतोय? सेतू असला की हेच पूर्णपणे घडतं. दोघांनी मिळून जगलेला प्रसंग दोन डोक्यांत कशाला साठवायचा? हळूहळू तो एकाच डोक्यात राहतो. दुसऱ्याला हवा तेव्हा सेतूवरून मिळतो, आणि त्याला वाटतं, आपल्यालाच आठवतंय. सेतू तुटला की ज्याचं त्याच्याकडे."

"आणि दुसऱ्याकडे?" घोलपबाईंनी विचारलं.

"काही नाही. कोरं."

निरंजन पुढे झुकला. चाळिशीचा, नीटनेटका, मऊ बोलणारा माणूस. सबंध बैठकीत त्याने दोनच प्रश्न विचारले. "डॉक्टरसाहेब, कोणाकडे राहायचं, हे कसं ठरतं?"

डॉक्टरांना बरं वाटलं. इथे येणारी माणसं सहसा रडतात, नाहीतर घड्याळ बघतात. चांगला प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो. "जो तो प्रसंग जास्त वेळा मनात घोळवतो, त्याच्याकडे. दुसऱ्याने टाळला, तर आणखी लवकर."

"आणि हे नंतर बदलू शकतं?"

"सेतू तुटेपर्यंत बदलत राहतं. तुमची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर हे ठिपके इकडचे तिकडे होतील."

निरंजनने मान डोलावली आणि आभार मानले.

वर आपल्या खोलीत घोलपबाईंनी हेमांगीला एकटीला बसवलं. बाईंना या कामात वीस वर्षं झाली होती आणि लोक काय विचारणार, ते त्यांना पाठ होतं. तरी त्या प्रत्येकीला प्रश्न विचारू द्यायच्या, कारण विचारल्याने धीर येतो असा त्यांचा अनुभव होता.

"जुई कोणाकडे राहील?" हेमांगीचा पहिला प्रश्न. जुई दोन वर्षांची होती.

"पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडेच देतात. आणि निरंजननेही तेच कबूल केलंय. रविवारी येऊन भेटेल."

"घर?"

"त्याच्या नावावर आहे, तरी विकून निम्मं देतो म्हणतोय. पोटगीलाही हो म्हणालाय. दागिने तर स्त्रीधन, ते तुझेच. अगं, इतका सरळ नवरा मी बघितला नाही. काही म्हणजे काही अडवलं नाही त्याने."

हेमांगी म्हणाली, "लगेच नाही का होणार?"

"नाही. नव्या कायद्यात सेतू जोडलेला असेल तर तुम्ही वेगळे राहता असं धरतच नाहीत. मनं जोडलेली असताना कसलं वेगळं राहणं? म्हणून आधी सेतुछेद, मग पहिला अर्ज, मग सहा महिने थांबायचं. नंतर दोघांनी पुन्हा येऊन हो म्हणायचं."

"आणि मधे एकाने नाही म्हटलं तर?"

"तर अर्ज बारगळतो. त्यासाठीच ते सहा महिने. रागाच्या भरात घेतलेला निर्णय माणसाला बदलता यावा."

हेमांगीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, तुम्हाला कारण सांगायचं होतं."

आणि इथे घोलपबाईंनी हात वर केला. त्यांना वाटलं, आपण तिच्यावर उपकारच करतोय. "नको सांगूस. संमतीच्या अर्जात कारण लागत नाही. मी सगळ्यांचं एकच लिहिते, 'स्वभाव जुळत नाहीत.' उगाच चिखल कशाला उकरायचा? उद्या जुईच्या लग्नात कोणी हा कागद काढला, तर त्यात काही सापडायला नको."

आपल्याकडे ही रीतच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वकील विचारत नाहीत, आई विचारत नाही, शेजारीण विचारते पण तिला सांगायचं नसतं. हेमांगीला खरं तर सुटल्यासारखं झालं. सांगायचं तरी काय होतं? निरंजनने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आवाजसुद्धा चढवला नव्हता. तो बाहेरून दाराला कडी लावायचा आणि दुसऱ्या खोलीत बसून सेतूवरून बोलायचा. तासन् तास. तिच्याच डोक्यात, तिच्याच विचारांच्या सुरात, की तू आई व्हायच्या लायकीची नाहीस, तू असलीस काय आणि नसलीस काय. एकदा तो बोलत राहिला आणि ती जुईला घेऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली होती. खालून कोणीतरी हाक मारली म्हणून भानावर आली. अंगावर वळ नाही, शेजाऱ्यांच्या कानावर शब्द नाही. कोण विश्वास ठेवणार होतं?

तळघरातून निघताना तिने डॉक्टरांना हळूच विचारलं होतं, "काही आठवणी मला नकोच असतील तर?" डॉक्टर म्हणाले होते, "मग त्यांच्याकडे वळून बघू नका. आपोआप जातील." हे ऐकून ती कित्येक महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली. महिनाभर तिने त्या गोष्टींकडे वळून पाहिलं नाही.

सेतुछेद अर्ध्या तासात उरकला. दुखलं नाही. हेमांगी जुईला घेऊन आईकडे राहायला गेली आणि पहिला अर्ज दाखल झाला.

त्यानंतर निरंजन दर रविवारी यायचा. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. जुईला मांडीवर घेऊन तिच्याशी बोलायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा. हेमांगीच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. "असा माणूस सोडून निघालीस तू," ती म्हणायची, आणि हेमांगी मागचं आठवून बघायची. त्याच्याबरोबरच्या संसारातलं तिला आता थोडंच आठवत होतं. भाजी आणणं, जुईचं बारसं, एक महाबळेश्वरची सहल. त्यात वाईट असं काहीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र होती. तो आला की तिचे हात थरथरायचे. एकदा तिच्या हातून चहाचा ट्रे पडला, तेव्हा निरंजनने खाली बसून कपाचे तुकडे गोळा केले आणि मऊपणे म्हणाला, "या कोर्टाने तुझी काय दशा केलीय बघ. मी आलो की तुला तारीख आठवते. हे एकदा थांबलं ना, की हातही थांबतील."

तिला ते पटलं. दुसरं कारण तिच्याकडे होतंच कुठे?

दुसऱ्या अर्जाच्या तारखेला थोडे दिवस उरले असताना ती घोलपबाईंकडे आली आणि खुर्चीत बसत म्हणाली, "मॅडम, मी घटस्फोट का मागितला होता?"

बाईंनी कपाटातून फाईल काढली, आणि काढतानाच त्यांना कळलं की तिच्यात काय लिहिलंय. तीनच शब्द. त्यांनी ते वाचून दाखवले.

"एवढ्यासाठी?" हेमांगी म्हणाली. "स्वभाव कोणाचे जुळतात, मॅडम? आईचे नि बाबांचे कुठे जुळत होते?"

ती गेल्यावर घोलपबाई लिफ्टची वाट न बघता जिन्याने तळघरात उतरल्या. डॉ. मुजावरांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले, पहिल्या बैठकीचा आणि सेतुछेदाच्या दिवशीचा. आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"हा झुबका बघा. पहिल्या दिवशी निम्मा तिच्याकडे होता. महिन्याभरात एकूण एक ठिपका त्याच्याकडे गेलाय. असं सहज होत नाही. माणसाने रोज बसून, एकेक प्रसंग काढून उजळला तरच होतं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीच शिकवलं त्याला. कोणाकडे राहतं, कधीपर्यंत बदलतं. मला वाटलं, किती हुशार पक्षकार आहे. आणि तिला म्हणालो, नको त्या आठवणींकडे वळून बघू नका."

"कोणते प्रसंग असतील?"

"ते मला कसं कळणार? मी जागा बघतो. कारण तुमच्याकडे असेल ना, बाई. मी नेहमी हाच विचार करतो, की आठवणी गेल्या तरी कारण वकिलाकडे लिहिलेलं असतंच."

घोलपबाई खाली बसल्या. "आणि मला वाटायचं, डोक्याचं सगळं डॉक्टर बघतात."

जिन्यात यशाचे आकडे सांगणारा एक मोठा फलक लावलेला होता. सेतुछेद आधी आणि अर्ज नंतर, असा नियम झाल्यापासून दुसऱ्या अर्जाच्या वेळी माघार घेणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण तिपटीने वाढलं होतं, आणि त्यासाठी न्यायालयाचं कौतुक झालं होतं. बाईंच्या स्वतःच्या अशिलांपैकी कितीजणी परत गेल्या होत्या. त्यांनी पेढे आणून दिले होते आणि बाईंनी ते खाल्ले होते.

"मग ते थरथरणं कसलं?" त्यांनी विचारलं. "ती म्हणते, तो आला की हात कापतात."

"सेतूवरून प्रसंग जातात, बाई. भीती जात नाही. ती अंगात राहते. फक्त कशाची आहे, ते तिला सांगता येणार नाही."

"पुन्हा जोडला तर?"

"तर क्षणात सगळं दिसेल तिला. पण दोघांची संमती लागते."

बाई तडक हेमांगीच्या आईच्या घरी गेल्या. लाज, अहंकार, सगळं बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं, "माझी चूक झाली. मी तुला विचारायला हवं होतं. निरंजनने तो महिनाभर तुमचे प्रसंग मुद्दाम पुन्हा पुन्हा आठवले आणि स्वतःकडे ओढून घेतले. त्यांतच तुझं कारण होतं."

हेमांगीने शांतपणे ऐकलं. तिचे डोळे भरून आले, आणि बाईंना क्षणभर वाटलं, जमलं.

"महिनाभर तो आमचंच आठवत बसला होता?" ती म्हणाली. "आणि मी एकदाही वळून बघितलं नाही. मीच कोरडी निघाले, मॅडम."

बाईंकडे पुरावा म्हणून निळे-केशरी ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांचा असाही अर्थ लागत होता.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश लोंढेबाईंनी दोघांना आपल्या दालनात बोलावलं. घोलपबाई उभ्या राहिल्या. "विनंती आहे, की निर्णयाआधी एकदा सेतू जोडू द्यावा. अशिलाला स्वतःचं कारण आठवत नाही."

"कारण काय होतं?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं."

लोंढेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या कामसू आणि प्रामाणिक बाई होत्या, आणि कायद्याने जेवढं विचारता येतं तेवढं सगळं विचारायच्या. "दाभोळे, तुमची संमती आहे?"

"नको, मॅडम," निरंजन म्हणाला. "त्या सेतूनेच आमचं वाटोळं केलं. आता साध्या नवराबायकोसारखं राहावं म्हणतो. तिची इच्छा असेल तरच, अर्थात. तिला घटस्फोट हवा असेल, तर मी आत्ता सही करतो."

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

निरंजन बाहेर गेला. लोंढेबाईंनी हेमांगीला पाणी दिलं. "आता इथे कोणी नाही. निवांत सांग. माघार घे म्हणून तुझ्यावर कोणी दबाव आणलाय?"

हेमांगीने खरंच आठवून पाहिलं. "नाही."

"मारहाण, छळ, काही?"

"नाही. कधीच नाही."

"मग हात का कापतायत तुझे? भीती वाटते का?"

"वाटते. फार वाटते."

लोंढेबाई पुढे झुकल्या. "कशाची?"

"घटस्फोटाची," हेमांगी म्हणाली.

लोंढेबाईंनी माघारीची नोंद केली. त्यांनी हेमांगीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुखाने नांदा म्हणाल्या. बाहेर शिपायाने निरंजनचं अभिनंदन केलं. हेमांगीची आई पदराने डोळे पुसत होती, जुई तिच्या कडेवर झोपली होती.

निरंजनने मुलीला अलगद आपल्या खांद्यावर घेतलं. हेमांगी लिफ्टकडे गेली, पण तो क्षणभर मागे थांबला, घोलपबाईंसमोर.

"मॅडम, तुमचे फार उपकार झाले," तो मऊ आवाजात म्हणाला. "दुसरे वकील खोदून खोदून विचारतात म्हणे. म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच आलो होतो."

मग तो लिफ्टकडे गेला आणि हेमांगीसाठी त्याने दार धरून ठेवलं.