उजवीकडचा हुंकार

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

आणि रात्रीची वाट बघू नका. हे भर दुपारी घडलं. बुधवारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत.

तिला आम्ही रेडिओ म्हणतो. लहानपणापासून तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढे तिने पॉडकास्ट काढला तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. तिचा दादा तर म्हणाला, "बरं झालं. आता निदान बंद करायचं बटण तरी मिळालं."

पॉडकास्टमध्ये काय, तर इकडचं तिकडचं. कुंडीतलं झाड का रुसलं. जुनं शिवणयंत्र उघडल्यावर आत काय सापडलं. वरच्या बाईंचं मांजर रोज कोणाकडे जेवून येतं. पण सांगायची अशी, की ऐकणारा बस चुकवेल, भाग चुकवणार नाही.

ही कला तिच्या बाबांची. म्हणजे माझ्या काकांची. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर वेगवेगळ्या इमारतींमध्ये लोंबकळायचे आणि संध्याकाळी तिथल्या गोष्टी घेऊन घरी यायचे. सांगताना समोरच्याने हुंकार दिलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "हं म्हणा रे. मी काय भिंतीशी बोलतोय?"

मग त्यांना अर्धांगवायू झाला.

अर्धं अंग गेलं. वाचा गेली. उरला एकच आवाज...

हं.

डॉक्टर म्हणाले, एवढा धागा आहे ना, तो सोडू नका. याला धरूनच शब्द परत येतील.

म्हणून रेडिओ रोज दुपारी त्यांच्याच खोलीत रेकॉर्डिंगला बसायची. टेबलावर छोटा रेकॉर्डर. डावीकडे बाबांचा पलंग. उजवीकडे भिंत. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये मांजरसुद्धा बसणार नाही, एवढीच फट.

ती सांगायची. बाबा हुंकार द्यायचे. त्या एका 'हं'मध्ये सगळं असायचं. हसणं, शंका, "थापा मारू नकोस", "पुढे सांग". श्रोत्यांना तो इतका आवडला, की एका भागात बाबा झोपलेले होते तर तक्रारी आल्या. काकांचा 'हं' कुठे गेला?

त्याच आठवड्यात आणखी एक निरोप आला.

'काकांच्या सोबत दुसरं कोण बसतं?'

रेडिओने हेडफोन लावले.

डावीकडे: हं.
उजवीकडे:
डावीकडे: हं.
उजवीकडे: ...हं.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

दुसरा हुंकार बाबांच्या मागोमाग येत होता. जाड. ओलसर. आणि जवळून. कोणीतरी रेकॉर्डरवर वाकून बसल्यासारखा.

दादा जेवायला घरी आला तेव्हा तिने त्याला ऐकवलं. तो औषधांच्या दुकानात कामाला. डोकं थंड.

"भिंतीवर आपटून येत असेल."

"मग माझा आवाज का नाही आपटत?"

"तुझ्या आवाजाला भिंतसुद्धा कंटाळली असेल."

तिने हसून सोडून दिलं. पण बाबा झोपलेले होते तो भाग तिने काढला. त्यात बाबांचं घोरणं स्पष्ट होतं. डावीकडे. एका लयीत.

आणि उजवीकडे...

हं.

तिने हेडफोन काढून ठेवले.

आता तुमच्या-माझ्यासारख्याने काय केलं असतं? कोणाला तरी बोलावलं असतं. खोली बदलली असती. रेडिओ पडली आवाजातली. नको असलेला आवाज ऐकू आला की तिचे हात शिवशिवतात. तिच्याकडे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर होतं. त्याला नकोशा आवाजाचा एक तुकडा दाखवायचा. ते ओळख पटवतं आणि तसा आवाज जिथे जिथे असेल तिथून पुसून टाकतं.

पडद्यावर दोन छोटे उंचवटे होते. एकामागे एक. पहिला बाबांचा, दुसरा त्याचा. नेहमीचाच क्रम.

तिने दुसरा निवडला. सगळ्या भागांवर एकदम चालवला. जुन्या फायलींवरच नव्या सेव्ह केल्या आणि श्रोत्यांसाठी चढवूनही टाकल्या.

मग ऐकायला बसली. आता प्रत्येक भागात एकच हुंकार होता. तिच्या जिवात जीव आला.

थोडा वेळच.

हुंकार उजवीकडून येत होता.

तिने तुकडा निवडला त्या एका जागी तो आधी बोलला होता. बाबांच्याही आधी.

मूळ रेकॉर्डिंग तिने रेकॉर्डरमधून कधीच उडवलेली होती. एका श्रोत्याने आपल्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला जुना भाग पाठवला. त्यातही डावीकडे... काहीच नव्हतं.

ती खोलीत गेली. बाबा जागेच होते. ती ओशाळून हसली.

"बाबा, काय गोंधळ घातलाय माहितीये? पॉडकास्टमधून मी तुम्हालाच पुसून टाकलं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटले. गळ्याची शीर हलली. छाती भरून आली.

आवाज आला नाही.

आणि भिंतीच्या बाजूने...

हं.

बाबांनीही तो ऐकला. कारण त्यांचे डोळे तिकडे गेले.

डॉक्टरांनी घसा तपासला. सगळं ठीक आहे म्हणाले. कधीकधी पेशंट मनानेच बंद होतो. बोलत राहा त्यांच्याशी.

पण ती बोलायला लागली की बाबा तोंड फिरवायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. तिने गोष्टी बंद केल्या. रेकॉर्डर कपाटात टाकला. ज्या घरात मिनिटभर शांतता नसायची, तिथे आता घड्याळ ऐकू यायला लागलं.

पुढचं दादाच्या लक्षात आलं.

"बाबा खोकतायत."

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

"मलाही नाही आलं. बघ तिकडे."

बाबा खोकत होते. खांदे उडत होते. चेहरा लाल झाला होता.

खोलीत आवाज नव्हता.

मग त्यांचं घोरणं गेलं. मग कूस वळवताना होणारी पलंगाची करकर. दादा पलंगावर बसला की पलंग करकरायचा. बाबा हलले की नाही. त्यांच्या हातून चमचा पडला. फरशीवर आपटला, उडाला, पलंगाखाली गेला.

टिचकीएवढाही आवाज नाही.

"त्या सॉफ्टवेअरला काय काय शिकवलंयस तू?" दादाने विचारलं. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

ठरलं. बाबांना एकटं सोडायचं नाही. दादा दुकानात असेल तेव्हा रेडिओ पलंगाशेजारी बसून राहणार. सामान आणून द्यायला, बिछाना बदलायला ती दोघं मला बोलवायची, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

आणि मग तो बुधवार.

बाबांचा डोळा लागला होता. रेडिओ चहा टाकायला उठली. स्वयंपाकघर म्हणजे पाच पावलांवर. दार उघडंच.

भांडं गॅसवर ठेवताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाबा, चहा घेणार ना?"

हं.

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

जाड नव्हता. ओलसर नव्हता. बाबांचा होता. थेट त्यांचा, थोडा वर जाणारा, 'हे काय विचारणं झालं' असा. आणि आला तो पलंगाकडून. डावीकडून.

"बाबा?"

हं.

तिला रडूच फुटलं. आत धावावंसं वाटलं. पण भीती वाटली, की आपण गेलो आणि धागा तुटला तर? डॉक्टर म्हणालेच होते, बोलत राहा. म्हणून ती जागची हलली नाही. बोलत राहिली. इतके दिवस साठलेलं सगळं. मांजराला पिल्लं झाली. वरच्या बाई सांगतात आमचं नाहीच ते. दादाने गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी केसांचं औषध दिलं.

प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता. बरोबर जागेवर. हसण्याच्या ठिकाणी हसरा.

"टोस्ट देऊ सोबत?"

हं.

"दोन?"

...हं.

तिने दूध जास्त घातलं. त्यांना आवडतं तसं. फोनवर दादाला सांगितलं, "बाबा बोलले, तू ये." कप भरला, बशीत दोन टोस्ट ठेवले आणि आत गेली.

बाबा जमिनीवर होते.

पलंग आणि टेबलाच्या मध्ये, पालथे. शेजारचं स्टूल आडवं. त्यावरचा पाण्याचा तांब्या दारापर्यंत गडगडत आलेला. पाणी सगळीकडे.

यातलं काही म्हणजे काही तिला ऐकू आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही वेळ जीव होता. चांगल्या हाताने त्यांनी फरशीवर मारलं असणार. बोटांची पेरं सोलवटून निघाली होती. खालच्या मजल्यावरचे शिंपी दिवसभर घरातच शिवत बसतात. त्यांना मी स्वतः विचारलं. ते म्हणाले, छे, वर तर तुमच्या ताई कोणाशी तरी गप्पा मारत होत्या. बरं वाटलं ऐकून.

दादाने घर बदलायचं ठरवलंय. रेडिओ जायला तयार नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. हल्ली ती फारसं बोलतच नाही.

मी गेलो की मात्र एकच प्रश्न विचारते. हळू आवाजात, माझ्याकडे न बघता.

"मी हाक मारली तेव्हा तो गप्प बसला असता, तर मी लगेच आत गेले असते ना रे?"

तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं, हे मला कळतं. निदान हो तरी म्हणायला हवं.

मी फक्त मान हलवतो. त्या घरात मी तोंडातून आवाज काढत नाही.