मुंगीचे पाच सेकंद

“सुट्टीत शाळेत? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” भोंगा ओरडला. वर्गात त्याच्याएवढा मोठा आवाज कुणाचाच नव्हता.

“हळू रे! सर खालीच आहेत,” मुंगीने दटावलं. “मला एकदाच तो लोलक बघायचाय.”

मुंगी ही त्यांच्याच वर्गातल्या, हुशारीमुळे ‘प्रोफेसर’ म्हणवल्या जाणाऱ्या मुलाची धाकटी आतेबहीण. कॉम्प्युटरवरच्या प्रयोगाच्या परीक्षेत लोलकाच्या एका फेरीला ‘पाच सेकंद’ लिहिल्यामुळे तिला भोपळा मिळाला होता, आणि उद्याच्या विज्ञान शिबिरातून तिचा पत्ता कट झाला होता. प्रोफेसरला मात्र पैकीच्या पैकी! ‘पाच सेकंदवाली’ म्हणून त्याने तिला इतकं चिडवलं की काल ती भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून त्याला चैन नव्हतं, म्हणून आज तोही सोबत आला होता.

लॅबचं दार नुसतंच लोटलेलं होतं. मुंगीने पडद्यावरचा लोलक, म्हणजे एक मीटर दोरीला टांगलेला गोळा, सोडला. तो रमतगमत गेला, रमतगमत परत आला.

“पाच सेकंद! अरे, खरंच पाच!” भोंगा घड्याळ नाचवत म्हणाला.

“पण पुस्तकात दोन आहे,” प्रोफेसर पुटपुटला.

मुंगीने पडद्याच्या कोपऱ्यातली खूण उघडली. ‘ठिकाण: चंद्र’!

“चंद्रावर ओढ कमी, म्हणून हा रेंगाळतो! परीक्षेआधी शाळेत पाहुणे आले होते ना, त्यांना सरांनी चंद्र दाखवला, आणि बदलायला विसरले!” ती एकदम त्याच्याकडे वळली. “पण दादा, तू मोजलंस तेव्हा दोन कसे आले?”

प्रोफेसरचे कान तापले. त्याने लोलकाला हातसुद्धा लावला नव्हता.

“माझ्याकडे बघू नकोस,” भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. “मी तुझंच बघून लिहिलं.”

“काय चाललंय इथे?” दारात सर! सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “अरेरे, माझाच घोळ! मुंगी, चुकलो मी. उद्या तू येतेयस. आणि शाबास रे प्रोफेसर, बहिणीसाठी धावलास!”

ती शाबासकी त्याला सोसवेना.

“सर, मी मोजलंच नव्हतं. पाठ होतं ते लिहिलं. आणि हिलाच हसलो. शिबिरातून माझं नाव काढून टाका.”

सर कॉम्प्युटरपाशी आले. मग त्यांनी ठिकाण बदललं. “हा मंगळ. बस आणि मोज. नाव राहतं का ते मग बघू.”

मंगळाचं उत्तर त्याला पाठ नव्हतं. त्याने लोलक सोडला आणि पहिलाच आकडा चुकवला. मुंगी हसली नाही.

“परत सोड, दादा. घाई नको,” ती म्हणाली, आणि त्याला मान वर करवेना.