कांचनचा कोरा रकाना

चंद्रावरच्या खाणवस्तीत दरवाजे माणसाचं ऐकत नसत, संबंधकोशाचं ऐकत. कोण कुठे आहे, कुणाची नाडी चालू आहे, कोणत्या बोगद्यात हवा सोडायची, हे सगळं या माहितीसाठ्यात रकान्यांनी नोंदलेलं असे आणि रकान्यांच्या एकमेकांशी गाठी मारलेल्या असत. कोशाला प्रश्न विचारायचा, त्याच्या उत्तराप्रमाणे दार उघडायचं किंवा बंद राहायचं. दारांची हँडलं तर भानगड नको म्हणून कधीच काढून टाकली होती. वस्तीत शहाणपण उतू चाललं होतं.

कालपासून कांचन उरकुडे सातव्या बोगद्यात दरडीमागे अडकली होती. चंद्रपूरच्या कोळसाखाणीतून थेट चंद्रावर आलेली ही खाणकामगार मुलगी. तिची आई विमलबाई आता कोशतज्ज्ञ हेरंब दातारांसमोर उभी होती.

"गाडी काऊन नाही सोडत, साहेब?"

"बचावगाडी फक्त जिवंत माणसाकडे जाते, काकू. मी कोशाला विचारलं, सातव्या बोगद्यात जिवंत कोण? तो म्हणतो, कुणी नाही."

विमलबाईंनी टेबलाची कड धरली. "म्हंजे मेली?"

"तेही विचारलं. जिवंत नसलेलं कोण? त्यावरही म्हणतो, कुणी नाही."

"असं कसं? माणूस जित्ता रायते, नाहीतं मेलेला रायते."

"तिच्या मनगटावरचं नाडीयंत्र तुटलंय. त्यामुळे नाडीचा रकाना कोरा आहे. कोरा म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. कोरा म्हणजे माहीत नाही. जे माहीत नाही, ते कोश जिवंतांत धरत नाही आणि मृतांतही धरत नाही."

गेल्या आठवड्यापर्यंत तो कोऱ्याला जिवंतच धरत असे. त्यापायी एका प्रेतासाठी धावलेले दोन बचावकर्मी जिवानिशी गेले, म्हणून दातारांनीच भांडून कोशाची नवी आवृत्ती आणली होती, हे वस्तीभर ठाऊक होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हेच त्यांना सहन होत नव्हतं.

"मंग जुनंच लावा ना परत."

"सगळ्या नोंदी नव्या मांडणीत गेल्यात. जुन्या आवृत्तीला त्या वाचता येत नाहीत."

"पहिलेची प्रत ठेवली असन ना?"

"जागा मोकळी करायला पुसली." दातारांना त्यांच्याकडे बघवेना.

"तं तुमीच लिवा, जित्ती हाय म्हणून."

"जिवंत असल्याची नोंद फक्त नाडीयंत्र करू शकतं. मृत्यूची मात्र जवळचा नातेवाईक करू शकतो, शववाहिकेसाठी. ती लगेच निघते."

विमलबाईंनी तत्काळ अंगठा पुढे केला. "लिवा मेली. कोणतीबी गाडी जाऊ द्या, दार तं उघडन."

दातारांनी त्यांचा हात धरला. "थांबा. जिथे सगळे मृत, तिथली हवा कोश त्याच क्षणी तोडतो. आत्ता रकाना कोरा आहे, म्हणूनच तिला हवा मिळतेय."

विमलबाईंच्या ध्यानात आलं. ज्या कोऱ्या रकान्यामुळे कुणी येत नव्हतं, त्याच्याच जोरावर पोरगी श्वास घेत होती.

"गाडी कितीक वेळात पोचते?"

"दरड फोडून दोन तास."

"अन् तोडल्यावर आतली हवा कितीक पुरते?"

"एक तास, कदाचित तीन. ती किती जागेत अडकलीय, कळायला मार्ग नाही."

"नाहीच लिवलं तं?"

"हवा राहील. पण पाणी सकाळीच संपलं असेल. पृथ्वीवरून मदत यायला आठवडा लागतो."

"तुमची पोरगी असती तं काय केलं असतं?"

"माहीत नाही," दातार म्हणाले.

विमलबाई रडल्या नाहीत. "लेकरू तहानंनं मरते हो," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा टेकवला. पडद्यावर सातव्या बोगद्याची हवा बंद झाली. दार उघडलं, शववाहिका आत गेली. तिची वाट पाहताना दातार मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

शववाहिका परत आली. कांचनचं अंग अजून ऊबदार होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "अर्धा तास झाला असेल. फार तर."

विमलबाई लेकीच्या केसांतली धूळ झटकत राहिल्या. माणूस अशा वेळी कामाचंच बोलतो, तसं दातार बोलले. "काकू, कोशात मृत्यूची वेळ तुमच्या अंगठ्याची पडलीय. आता डॉक्टरांचा पुरावा आहे. खरी वेळ घालू?"

"नोका घालू," विमलबाई म्हणाल्या. "ते तवाच गेली होती. मी अंगठा लावला त्याच्या पहिलेच."

दातारांनी नोंदीला हात लावला नाही. कोशाला विचारलं तर तो आजही ठामपणे सांगतो, विमलबाईंनी हवा तोडली तेव्हा त्या बोगद्यात जिवंत कुणी नव्हतं.