उगाचचं पाकीट

"हे पाकीट तुमचं का?"

मी धापा टाकत ग्रंथालयाचा जिना चढून आले होते. काउंटरवरच्या मुलाच्या एका हातात मी आदल्या दिवशी परत केलेलं पुस्तक होतं, आणि दुसऱ्या हातात त्यात राहिलेलं निळसर कागदी पाकीट. माझा जीव भांड्यात पडला.

"माझंच. द्या."

"असं कसं? ओळख पटवा." तो खुशाल हसत होता.

"आत सात नोटा आहेत. सगळ्या सारख्या. आणि वर लिहिलंय – उगाच."

"उगाच... म्हणजे?"

माझे बाबा पुस्तकबांधणी करायचे. मी कॉलेजला निघाले तेव्हा उरलेल्या कागदांची पाच पाकिटं त्यांनी चिकटवून दिली – मेस, बस, झेरॉक्स, औषधं, आणि हे. ज्याचा काडीचा उपयोग नाही अशा गोष्टीवर दर महिन्याला एक नोट उडवायचीच, हा त्यांचा नियम. काटकसरी माणसाला उधळायला शिकवावं लागतं, म्हणायचे.

त्यांना जाऊन सात महिने झाले होते. दर एक तारखेला मी नोट घालत होते... काढत नव्हते.

अनोळखी माणसाला एवढं कशाला सांगायचं? "बजेट करते मी," एवढंच म्हणाले.

"मलाही शिकवा की! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण माझं अंथरूण वीस तारखेलाच गुंडाळलं जातं."

मग रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. तो खर्च मांडायचा, मी कात्री लावायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"दिवसाला चार चहा?"

"दोन माझे."

"आणि उरलेले?"

"तू असलीस तर..." तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

ते चार चहा मी तसेच राहू दिले.

महिना संपायला दोन दिवस असताना त्याने एक वेडंवाकडं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. गिचमिड अक्षरात – उगाच. आत एक नोट.

"अठ्ठावीस तारखेला माझ्याकडे पैसे! तळ्यावर पायडलची होडी आहे. अर्ध्या तासाला माणशी अशी एकच नोट. येतेस?"

"त्या होडीतून जायचं कुठे?"

"कुठेच नाही. फिरून तिथंच परत."

माझा हात पाकिटाकडे गेला आणि थांबला. "माझ्या पाकिटातली नोट मला काढवत नाही," मी म्हणाले. मग बाबांचं सगळं सांगून टाकलं. त्याने समजूत काढली नाही. स्वतःची नोट परत आत सरकवली. "राहू दे मग. होडी कुठे पळून जात नाही."

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं.

"पाकीट जपतेस आणि त्यांचा नियम मोडतेस, होय गं? सात महिने! ते असते तर कान पिळले असते तुझे." मग हळूच, "आणि हा होडीवाला कोण?"

दुसऱ्या दिवशी होडीच्या तिकीट खिडकीवर मी आठ नोटा ठेवल्या. सात माझ्या, एक त्याची.

"दोन तास?" तिकीटवाले काका उडालेच. "पाय गळून पडतील, पोरांनो!"

तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "एक सांगू? तुझं पाकीट मला आदल्या दिवशीच सापडलं होतं. रजिस्टरमध्ये तुझा वर्ग होता. आणून देता आलं असतं."

"मग?"

"एक वर्ष तू पुस्तक ठेवायचीस आणि मान खाली घालून जायचीस. म्हटलं, शोधत आलीस तर... दोन शब्द तरी बोलशील."

"रात्रभर खोली पालथी घातली मी!"

"म्हणून तर दोघांचं पायडल एकटा मारतोय."

खरंच की. मी कधीच थांबले होते, आणि होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती. काठावरून काका ओरडत होते. मांडीवर बाबांच्या अक्षरातलं पाकीट होतं – रिकामं. परवा एक तारीख.

"पुढच्या महिन्यात," मी म्हणाले, "माझी एकच नोट असेल. अर्धाच तास."

"चालेल."

"आणि चहा... चारच ठेव."

मग मीही पाय मारायला लागले.